दोन धातूंमधली हवा

दादाच्या कॉम्प्युटरचं साइड पॅनल परवा काढलं तर आतल्या बाजूला कागदाची एक पट्टी चिकटवलेली दिसली, अक्षर माझंच, आणि ही पट्टी मी कधी लावली होती हे मी पार विसरून गेले होते. सहा वर्षांपूर्वीची तारीख, थर्मल पेस्टचं, म्हणजे प्रोसेसर नि त्याला गार ठेवणारा कूलर यांच्या मध्ये लावतात त्या लेपाचं नाव, आणि खाली अंश सेल्सियसमध्ये एवढंच: खोली २७, मशीनला काम नसताना म्हणजे रिकामं ३६, भरपूर काम देऊन म्हणजे लोड ६६. बस. पण त्या तीन आकड्यांनी पुढचे तीन तास माझं काम इतकं सोपं केलं की तेव्हाच्या मला मनापासून थँक्यू म्हणावंसं वाटलं.

झालं असं होतं की दादा शिकवण्याचे व्हिडिओ करतो, रेकॉर्डिंग, एडिटिंग सगळं या एकाच मशीनवर, आणि गेले काही महिने एक्सपोर्ट लावलं की फॅन असा काही गरजायला लागायचा की शेजारच्या खोलीत बसून बोलायचं असेल तरी आवाज चढवायला लागायचा. वर एक्सपोर्टला वेळही जास्त. दादाचं मत ठरलेलं होतं. "अगं, सहा वर्षं झाली त्याला, म्हातारं झालंय ते, आता नवीनच बघायला पाहिजे." मी म्हटलं, "थांब रे, आधी मला उघडून तरी बघू दे." मशीन म्हातारं होतं म्हणजे नेमकं काय होतं, हा प्रश्न मला कायम सतावतो, कारण सिलिकॉन सहा वर्षांत असं थकत नाही. थकतात त्या आजूबाजूच्या गोष्टी. फॅनचं बेअरिंग थकतं, धूळ साठते, आणि प्रोसेसर नि कूलरच्या मध्ये असलेला पेस्टचा तो करडा लेप सुकतो.

उघडायच्या आधी मोजलं. ही सवय मला फार उशिरा लागली आणि आता मी ती सोडणार नाही. दहा मिनिटं प्रोसेसरच्या सगळ्या कोअरवर फुल लोड दिला, खोलीत थर्मामीटर ठेवला, २८ होतं. प्रोसेसर चढत चढत ९५ अंशांच्या वर गेला आणि मग आकडा तिथंच अडकला, पण त्याच वेळी स्पीड ४.१ गिगाहर्ट्झवरून घसरून ३.३ च्या आसपास आला. याला थ्रॉटलिंग म्हणतात, चिप स्वतःला वाचवायला स्वतःचा वेग कमी करते. पूर्वी हे सगळ्याच चिप्सना यायचं नाही. २००१ साली टॉम्स हार्डवेअर या वेबसाइटवाल्यांनी चालू कॉम्प्युटरवरून हीटसिंक, म्हणजे कूलरचा धातूच्या पात्यांचा ठोकळा, काढून दाखवला होता, त्यात इंटेलचा पेंटियम ४ हळू झाला पण जिवंत राहिला आणि एएमडीचा अ‍ॅथलॉन काही सेकंदांत जळून गेला. आता तसं होत नाही, आता मशीन मरत नाही, फक्त मंद होतं, आणि मंद झालेलं मशीन माणसाला म्हातारं वाटायला लागतं. दादाचं नेमकं तेच झालं होतं.

आता पट्टीवरचा आकडा बघा. तेव्हा लोडवर ६६, खोली २७, म्हणजे खोलीपेक्षा ३९ वर. आता ९५ वजा २८, म्हणजे ६७, आणि तेही मशीनने स्वतःचा वेग कमी करून. नुसतं "माझा प्रोसेसर ७० वर चालतो, ठीक आहे का" असं कोणी विचारलं की मला उत्तरच देता येत नाही, कारण २० अंशांच्या खोलीतले ७० आणि ३५ अंशांच्या खोलीतले ७० या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. कूलर काही फ्रिज नाही, तो खोलीच्या खाली जाऊच शकत नाही, त्यामुळे मोजायचा असतो तो खोलीपासूनचा फरक.

मुळात ही पेस्ट लागते कशाला हे मला समजायला बराच काळ गेला. सुरुवातीला मला वाटायचं की पेस्ट गार करते, म्हणजे तिच्यात काहीतरी गारवा देणारं औषध असतं आणि जितकी जास्त तितकी बरी. तसं अजिबात नसतं. प्रोसेसरचं धातूचं झाकण आणि कूलरचा तळ, दोन्ही डोळ्यांना आरशासारखे सपाट दिसतात, बोट फिरवलं तरी गुळगुळीत लागतात, पण सूक्ष्मदर्शकाखाली धरले तर नुसते डोंगर आणि दऱ्या. हे दोन पृष्ठभाग एकमेकांवर कितीही दाबून ठेवले तरी डोंगराला डोंगर टेकतो तेवढ्याच जागी धातू धातूला लागतो, बाकी सगळ्या दऱ्यांमध्ये हवा बसलेली असते. आणि हवेइतकी उष्णता अडवणाऱ्या वस्तू फार थोड्या. तांब्याची उष्णता वाहून नेण्याची क्षमता मीटर-केल्विनला सुमारे ४०० वॉट, अ‍ॅल्युमिनियमची २३० च्या आसपास, आणि हवेची ०.०२६. म्हणजे तांबं हवेच्या सुमारे पंधरा हजार पट.

मला आकडे नुसते वाचून कळत नाहीत, करून बघावे लागतात, म्हणून एकदा कागदावर मांडलं होतं. प्रोसेसरचं झाकण साधारण ३ सेंटिमीटर बाय ३ सेंटिमीटर धरलं, म्हणजे ९ चौरस सेंटिमीटर, आणि त्यातून १०० वॉट उष्णता बाहेर जातेय असं धरलं. मध्ये फक्त १० मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याच्या केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी बारीक असा, हवेचा अखंड थर असेल तर त्या एका थरापायी ४३ अंशांचा फरक पडतो! केसाहून पातळ हवा आणि ४३ अंश. आता त्याच जागी ५ वॉटवाली, म्हणजे वरच्याच मापात ५ क्षमतेची, साधी बरी पेस्ट घाला, १० मायक्रॉनच, तर फरक पाव अंशाहूनही कमी. आणि पेस्टचा थर पाचपट जाड झाला, ५० मायक्रॉन, तरी साधारण १ अंश. हे गणित केलं त्या दिवशी मी कागदाकडे बराच वेळ बघत बसले होते, कारण त्याआधी कोणती पेस्ट भारी यावर मी किती रात्री वाचत घालवल्या होत्या आणि इथे साधं भागाकाराचं उत्तर सांगत होतं की पेस्ट आहे की नाही हाच खरा फरक, कोणती आहे हा नंतरचा.

प्रत्यक्षात चित्र थोडं वेगळं असतं हेही सांगायला पाहिजे. धातू काही ठिकाणी टेकलेला असतो, तिथून उष्णता जातेच, त्यामुळे पेस्ट न लावता मशीन चालू केलं तर माझ्या गणिताइतका अनर्थ होईलच असं नाही. आणि उलट बाजूने, उष्णता अख्ख्या झाकणातून सारखी येत नाही, झाकणाखाली जी खरी चिप असते ती छोटी असते, बोटाच्या नखाच्या आसपास, तिथून सगळी उष्णता निघते, त्यामुळे चांगल्या आणि साध्या पेस्टमधला फरक माझ्या गणितापेक्षा जरा जास्त दिसतो. तरी तो दोनचार अंशांचा. त्याच्यासाठी जीव टाकायची गरज नाही.

याच गणिताची दुसरी बाजू लोक विसरतात. पेस्ट हवेपेक्षा शंभर-दोनशे पट चांगली असली तरी तांब्यापेक्षा ती सुमारे ऐंशी पट वाईटच असते. म्हणजे जिथे धातू धातूला टेकू शकला असता तिथेही पेस्टचा जाड थर मध्ये आला तर आपण चांगल्या रस्त्यावर आडवं काहीतरी ठेवलं. दऱ्या भरायच्या आणि बाकी ठिकाणाहून पेस्ट दाबाने निघून गेली पाहिजे. म्हणून कूलरचा दाब, तळ किती सपाट आहे, स्क्रू सारखे आवळलेत का, या गोष्टींना माझ्या मते ट्यूबवरच्या नावापेक्षा जास्त वजन आहे.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण इंटेलच्या प्रोसेसरांचं आहे. २०११ च्या सँडी ब्रिज या पिढीत चिप आणि वरचं धातूचं झाकण यांच्यामध्ये सोल्डर, म्हणजे वितळवून जोडायचा धातू, होतं. २०१२ मध्ये आयव्ही ब्रिज आला आणि त्यात सोल्डर जाऊन पेस्ट आली, म्हणजे आपण झाकणावर लावतो ती नव्हे, झाकणाच्या आतली, कंपनीतूनच लावून आलेली. टेम्परेचर वाढले आणि लोकांनी पात्याने झाकण कापून उघडायला सुरुवात केली, डिलिडिंग म्हणतात त्याला, आणि पेस्ट बदलल्यावर दहावीस अंश उतरायचे. सगळे त्या आतल्या पेस्टला शिव्या घालत होते. पण नीट तपासणाऱ्यांच्या लक्षात आलं की मोठा वाटा झाकण चिकटवणाऱ्या काळ्या गोंदाचा होता, त्याच्या जाडीमुळे झाकण चिपपासून किंचित वर तरंगत होतं आणि मधली फट पेस्टने भरून काढायला लागत होती. गोंद खरवडून काढून झाकण खाली बसवलं की साध्या पेस्टनेही बराच फरक पडायचा. २०१८ मध्ये नवव्या पिढीच्या वरच्या मॉडेल्सना इंटेलने परत सोल्डर दिलं. मला या सगळ्या प्रकरणात तो गोंद फार आवडतो, म्हणजे आवडतो असं नाही, पण लक्षात राहतो, कारण सगळ्यांचं लक्ष पदार्थाकडे होतं आणि दोष अंतराचा निघाला.

असो. दादाचं मशीन.

पेस्टला हात लावायच्या आधी धूळ काढली. हा क्रम मी मुद्दाम पाळते, कारण दोन्ही एकदम केलं तर कशाने किती फरक पडला हे कधीच कळत नाही आणि सगळं श्रेय पेस्टला जातं. हीटसिंकच्या पात्यांमध्ये, फॅनच्या बरोबर खाली, धुळीची एक सलग गादी तयार झाली होती, वरून फॅन स्वच्छ पुसलेला दिसत होता म्हणून दादाला कधी शंकाच आली नसणार. फॅन काढल्याशिवाय ती दिसतच नाही. ब्रशने सोडवली, हवेच्या डब्याने उडवली, आणि हवा मारताना फॅनची पाती बोटाने धरून ठेवली, कारण जोराच्या हवेने फॅन त्याच्या नेहमीच्या वेगाच्या कितीतरी पुढे फिरतो आणि बेअरिंगची वाट लागते. सगळं परत लावून पुन्हा दहा मिनिटांचा लोड. ८३. थ्रॉटलिंग बंद, स्पीड ४.१ वर स्थिर. पेस्टला हातही न लावता बारा अंश, आणि तेही पूर्ण वेगाने चालताना.

दादा म्हणाला, "झालं की मग!" खरं तर इथे थांबता आलं असतं, आणि ज्यांना कूलर काढायची भीती वाटते त्यांनी इथेच थांबावं असं मी प्रामाणिकपणे म्हणेन, कारण पुष्कळ वेळा "पेस्ट बदलायला झाली" या वाक्याचा खरा अर्थ धूळ काढायला झाली एवढाच असतो. पण खोलीपासूनचा फरक अजून ५५ होता आणि पट्टीवर ३९ होता. मधले सोळा अंश कुठेतरी अडकले होते.

कूलर काढायच्या आधी मशीन दहापंधरा मिनिटं चालवून गरम करायचं, मग बंद करून, पॉवरची केबल काढून, लगेच कामाला लागायचं. यामागे एक जुनी जखम आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा एक कूलर काढत होते, मशीन गार, रात्रभर बंद असलेलं, क्लिप काढली, कूलर हलेना, मग सरळ वर ओढला. कूलर निघाला आणि त्याच्या तळाला चिकटून प्रोसेसरही निघाला, सॉकेटचा, म्हणजे मदरबोर्डवरच्या प्रोसेसरच्या खोबणीचा, लीव्हर लॉक असताना! ज्या प्रोसेसरच्या पोटाला पिना असतात त्यांच्या बाबतीत हे होऊ शकतं, कारण सॉकेट त्या पिनांना नुसतं पकडून धरतं, वरून प्रोसेसरला दाबून ठेवणारी चौकट नसते, आणि सुकलेल्या पेस्टची पकड त्या पकडीपेक्षा जबरदस्त असते. चार पिना वाकल्या. हजारापेक्षा जास्त पिनांमधल्या चार. शिसं संपलेली मेकॅनिकल पेन्सिल घेऊन, तिच्या टोकाच्या पोकळ नळीत एकेक पीन अडकवून, श्वास रोखून मी त्या सरळ केल्या, आणि मशीन परत चालू झालं तेव्हा मला रडू आलं होतं. तेव्हापासून मी कूलर कधीही सरळ ओढत नाही. गरम करते म्हणजे पेस्ट मऊ पडते, मग कूलरला डावीउजवीकडे हळूहळू पीळ देते, थोडा थोडा, आणि तो पेस्टवर सरकायला लागला असं हाताला जाणवलं की मगच उचलते. हाताला ते सरकणं बरोबर कळतं.

दादाचा कूलर दोनतीन पिळात सुटला. खालची पेस्ट बघण्यासारखी होती. कडेला जाड, कोरडी, खरवडली तर खपल्या निघतील अशी, आणि मधोमध, बरोबर जिथे चिप असते तिथे, जवळजवळ धातू उघडा. दादा वाकून बघत होता, म्हणाला, "मधली गेली कुठे?"

मला हा प्रश्न फार बरोबर वाटला. पेस्ट म्हणजे एक तेल, बहुतेक वेळा सिलिकॉनचं, आणि त्यात घोळलेली उष्णता नेणारी बारीक पूड, झिंक ऑक्साइड, अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड, काही महागड्या पेस्टमध्ये चांदी किंवा बोरॉन नायट्राइड, अगदी हिऱ्याची पूड घातलेल्याही पेस्ट मिळतात. काम पूड करते, तेल फक्त तिला दऱ्यांपर्यंत पोचवतं आणि तिथे धरून ठेवतं. मशीन तापतं तेव्हा धातू किंचित फुगतो, गार होतं तेव्हा आक्रसतो, दोन्ही बाजूचे धातू सारखे नसतात की सारखे तापत नाहीत, त्यामुळे मधली फट रोज कणभर मिटते-उघडते, आणि दर वेळी पेस्ट थोडी थोडी मधून कडेकडे ढकलली जाते. पंपासारखं. म्हणून त्याला पंप-आउटच म्हणतात. बाहेर गेलेली पेस्ट परत आत येत नाही, तिच्या जागी हवा येते, आणि वर्षानुवर्षांच्या उष्णतेने तेलही हळूहळू वेगळं होत जातं, मग राहते ती कोरडी पूड. लॅपटॉपमध्ये आणि ग्राफिक्स कार्डमध्ये हे आणखी लवकर होतं, कारण तिथे वर झाकण नसतं, कूलर उघड्या चिपवर बसतो, सगळी उष्णता एवढ्याशा जागेत आणि दिवसातून कितीतरी वेळा तापणं-निवणं. एक्सपोर्ट, थांबा, एक्सपोर्ट, थांबा, असं दादाचं काम असतं, त्यामुळे त्याच्या पेस्टची सहा वर्षं ही दुसऱ्या कुणाच्या दहा वर्षांएवढी असू शकतात. "दर वर्षी पेस्ट बदला" असं जे सरसकट सांगितलं जातं ते मला म्हणूनच पटत नाही. कॅलेंडरकडे बघून बदलायची वस्तू नाही ही. फरक वाढला की बदलायची, आणि फरक वाढलाय हे कळायला आधीचा आकडा लिहिलेला पाहिजे.

साफ करायला आयसोप्रोपिल अल्कोहोल, ९० टक्क्यांच्या वरचं, आणि धागे न सुटणारं कापड. कापूस वापरू नका, त्याचे तंतू मागे राहतात आणि प्रत्येक तंतू म्हणजे पुन्हा एक फट. खपल्या निघाल्या नाहीत तर अल्कोहोल टाकून मिनिटभर भिजू द्यायचं, धातूच्या पात्याने खरवडायचं नाही, आपण दऱ्या भरायला बसलोय, नवीन खणायला नाही. दोन्ही पृष्ठभाग असे चकचकीत झाले की मला दर वेळी छान वाटतं, झाकणावर कोरलेली अक्षरं पहिल्या दिवसासारखी वाचता येतात.

मग निवड. दादाने फोनवर बघून विचारलं की सगळ्यात भारी कुठली, ती घेऊ. ट्यूबवरच्या आकड्यांबद्दल माझं मत जरा कडक आहे. उष्णता वाहून नेण्याची क्षमता म्हणून एकीवर ८.५ लिहिलेलं असतं, एकीवर १२.५, पण हे आकडे कंपन्या आपापल्या पद्धतीने मोजतात, कुठल्या दाबाखाली, किती जाडीवर, ते सांगत नाहीत, त्यामुळे दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करण्यात काही अर्थ नसतो. वर्षानुवर्षं वापरात असलेल्या एमएक्स-४, एनटी-एच१ सारख्या पेस्ट घेतल्या तर झाकणवाल्या प्रोसेसरवर एकमेकींत दोनतीन अंशांच्या पलीकडे फरक दिसत नाही. आर्क्टिक सिल्व्हर ५ चा एक काळ होता, चांदीची पेस्ट, कंपनीच सांगायची की पूर्ण बसायला २०० तासांपर्यंत लागतात, आणि लोक मोठ्या श्रद्धेने ते तास मोजायचे. मी पण मोजलेत. तिची आठवण अजून येते, पण ती पिनांवर किंवा सर्किटवर सांडू देऊ नका असं कंपनीच बजावायची, आणि आता इतक्या साध्या, विजेच्या दृष्टीने निर्धोक पेस्ट मिळत असताना ती काळजी उगाच कशाला घ्यायची असं वाटतं.

लिक्विड मेटल म्हणजे खरोखरचा द्रव धातू, मुख्य गॅलियम. गॅलियम २९.७६ अंशांना वितळतो, हातावर धरला तरी पाणी होतो, आणि त्याचे मिश्रधातू त्याच्याही खालच्या तापमानाला द्रव राहतात. उष्णता नेण्यात पेस्ट त्याच्या जवळपासही येत नाही, २०२० मध्ये प्लेस्टेशन ५ मध्ये सोनीने तेच वापरलं. पण ते वीज वाहतं, एक थेंब मदरबोर्डवर गेला तर शॉर्ट, आणि अ‍ॅल्युमिनियमला लागलं तर ते धातूच्या कणांमधल्या फटींत शिरून त्याला ठिसूळ करून टाकतं, बोटाने चुरा होईल इतकं. दादाच्या कूलरचा तळ अ‍ॅल्युमिनियमचा. विषय तिथेच संपला. कूलरचा तळ कशाचा आहे हे बघितल्याशिवाय लिक्विड मेटल कुणीही घेऊ नये, हे मी जितक्या कळकळीने सांगता येईल तितक्या कळकळीने सांगते.

आणखी एक चीज आहे जिच्याबद्दल मला खरोखर उत्साह आहे, फेज चेंज शीट, हनीवेलची पीटीएम७९५० त्यातली सगळ्यात माहितीतली. खोलीच्या तापमानाला पातळ घट्ट पत्रा, ४५ अंशांच्या आसपास मऊ होऊन दऱ्यांमध्ये शिरते, गार झाली की परत घट्ट. त्यामुळे पंप-आउट फार कमी. लॅपटॉपसाठी आणि ग्राफिक्स कार्डसाठी मी आता पेस्टच्या आधी हिचाच विचार करते, ती बसवताना सुरकुती पडू न देणं एवढंच कठीण, थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवली तर दोन्ही बाजूचं प्लास्टिक नीट सुटतं. दादाच्या झाकणवाल्या डेस्कटॉपला तिची गरज नव्हती. आम्ही साधी, घट्टसर, वीज न वाहणारी पेस्ट घेतली, आणि मुद्दाम छोटी सिरिंज, कारण मोठी घेतली की ती वर्षानुवर्षं पडून राहते, तेल वेगळं होतं आणि पुढच्या वेळी पहिला थेंब नुसता तेलाचा येतो. तसं झालं तर तो कागदावर काढून टाकायचा.

लावायची पद्धत, यावर लोक इतके भांडतात! मध्ये ठिपका, फुली, रेघ, पाच ठिपके, पट्टीने पसरून. मी यातलं जवळजवळ सगळं करून पाहिलंय आणि झाकण पूर्ण झाकलं जात असेल तर फरक मोजण्याच्या चुकीएवढाच येतो. दाब पसरवण्याचं काम करतो. छोट्या झाकणाला मी मध्ये वाटाण्याएवढा ठिपका देते, लांबट झाकण असेल तर फुली. जास्त झाली तर कडेने बाहेर येते, वीज न वाहणारी असेल तर फक्त घाण दिसते. कमी झाली तर कोपरा कोरडा राहतो. उघड्या चिपवर मात्र ठिपक्याच्या भरवशावर राहायचं नाही, तिथे पूर्ण पसरवायचीच, एक कोपरा उघडा राहिला तरी तिथली जागा भाजते.

कूलर सरळ खाली ठेवला, एकदाच, आणि दोन बोटांनी किंचित दाबला. चारही स्क्रू आधी नुसते अडकवले, मग समोरासमोरचे, तिरके, दोनदोन फेरे, आळीपाळीने. एक कोपरा आधी पूर्ण आवळला की कूलर तिकडे कलतो आणि विरुद्ध कोपऱ्यात पाचर तयार होते. दादाला बघायचं होतं की पेस्ट पसरली का, म्हणाला, "एकदा उचलून बघ ना गं." मी म्हटलं, "नाही दादा, उचललं की आत हवेचे बुडबुडे जातात, मग सगळं पुसून पहिल्यापासून." त्याने नाइलाजाने मान हलवली. फॅनची वायर मदरबोर्डला लावली, हे विसरणारे खूप असतात, आणि नवीन कूलर असेल तर तळाचं पारदर्शक प्लास्टिक काढलंय ना हे दोनदा बघायचं, मी एका मैत्रिणीच्या मशीनमध्ये ते दीड वर्ष तसंच राहिलेलं पाहिलंय.

एक गोष्ट आजकालच्या मशीनबद्दल सांगायची राहिली. २०२२ पासूनचे एएमडीचे रायझन ७००० मालिकेचे प्रोसेसर असे बनवलेत की भरपूर काम दिलं की ते सरळ ९५ पर्यंत जातात आणि तिथे राहून जितका वेग मिळेल तितका घेतात. अशा मशीनवर नवीन पेस्ट लावून लोक निराश होतात, आकडा हललाच नाही म्हणतात. तिथे टेम्परेचर बघायचं नसतं, वेग बघायचा असतो. पेस्ट चांगली बसली असेल तर तेवढ्याच ९५ वर स्पीड वाढलेला दिसतो.

दादाचं मशीन जुनं, तिथे आकडा खाली यायला हवा होता. पुन्हा लोड लावला. पहिली काही सेकंदं मी नेहमी स्क्रीनकडेच बघते, कारण कूलर नीट टेकला नसेल तर आकडा झपाट्याने वर पळतो आणि लगेच बंद करता येतं. ५०, ५८, ६३, आणि मग चढाव सपाट झाला. दहा मिनिटांनी ६९. खोली अजून २८. फरक ४१.

सहा वर्षांपूर्वी ३९ होता. हे दोन अंश मला अजून खटकताहेत. फॅनवर कान ठेवला तर बारीक घरघर येते, पूर्वीइतके फेरे तो मारत नसावा, बेअरिंग झिजलंय असा माझा अंदाज आहे, पुढच्या वेळी फॅन बदलून बघणार. दादाने तोवर एक्सपोर्ट लावलंही होतं आणि त्याच्या शेजारी बसून फोनवर कुणाशी तरी हळू आवाजात बोलत होता.

मी पट्टी काढली नाही. जुन्या ओळीच्या खाली जागा होती, तिथे आजची तारीख लिहिली, पेस्टचं नाव, खोली २८, लोड, धुळीनंतर ८३, पेस्टनंतर ६९, आणि कंसात, फॅनचा आवाज येतोय, बघणे. मग पॅनल लावलं.